झेंडूच्या हारामागचा डबा

१

आमच्या ऑफिसात चोरी झाली, त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. हे मी पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा आमचे सचिव शेखर देवरे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू सिस्टर उज्वलाला ऑक्टोबरचं ऊन बाधलंय. बाधलं नव्हतं. सगळं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

दसऱ्यानंतरचा सोमवार होता. सकाळी साडेनऊला मी गंजमाळच्या ऑफिसात पोचले. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. सुरगाणा तालुक्यातल्या सिकलसेलच्या रुग्णांसाठी आमचं छोटंसं मंडळ काम करतं. हा रक्ताचा आजार जन्माला येतानाच येतो आणि शेवटपर्यंत राहतो. रोज गोळी घ्यावी लागते, आणि ती किती घ्यायची हे मागच्या रक्ततपासणीवरून ठरतं. दोनशे चौदा रुग्ण, आठ वर्षांच्या तपासण्या, सगळं ऑफिसातल्या सर्व्हरवर. गुरुवारी सुरगाण्याला शिबिर होतं, आणि ते साधं शिबिर नव्हतं. भात पदरात पडलं की निम्मा तालुका द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतो, तो थेट शिमग्याला परततो. गुरुवारी जो चुकला तो चुकलाच.

मी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर एकच ओळ आली: जोडणी होत नाही.

कोपऱ्यात सर्व्हर जागेवर होता. काळा, उंच डबा. खंडेनवमीला आमच्या सिंधुबाईंनी त्याला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. सिंधुबाई ऑफिसची झाडलोट बघतात आणि आमच्या सगळ्यांच्या तब्येतीही. हार सुकला होता, पण होता तिथेच होता.

मी गोरक्षला फोन केला. गोरक्ष सावंत मूळ नामपूरचा. एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे, आणि आठ वर्षं आमचा सर्व्हर बिनमोबदला सांभाळतोय. तो आला, काळ्या डब्यापुढे मांडी घालून बसला, अर्धा तास वायरी काढघाल करत राहिला आणि म्हणाला, "डिस्क गेलीय बहुतेक. बघतो दोन दिवसांत." चहासुद्धा न घेता निघून गेला.

देवरेसाहेब तोवर आले होते. त्यांना तर आयतं निमित्त सापडलं.

"मी वर्षभर सांगतोय! फुकटचं सॉफ्टवेअर, घरचा डबा, आणि सांभाळणारा एकटा माणूस. तो आजारी पडला तर काय? रीतसर भाडं भरून कंपनीची सेवा घेतली असती तर आज ही वेळ आली असती का?"

त्यांनी लगेच आवेज शेखला फोन लावला. आवेज बंगळूरच्या एका कंपनीचा माणूस. महिन्याच्या भाड्यावर दवाखान्यांची नोंद ठेवायची सेवा विकतो. दसऱ्याच्या दोन दिवस आधीच त्याने आमच्या कमिटीला त्याचं सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवलं होतं.

"काही काळजी करू नका सर," आवेज फोनवर म्हणाला. "जुनी नोंद द्या, दोन दिवसांत आमच्याकडे चढवतो."

आता जुनी नोंदच तर सापडत नव्हती. देवरेसाहेबांना फोनवर बोलतं ठेवून मी जिना उतरले आणि खालचं दार वाजवलं.

२

खाली सुरय्याआपा राहतात. टेलिफोन खात्यात बिघाड शोधण्याच्या कामावर तीस वर्षं काढून निवृत्त झाल्या. आजही मोहल्ल्यात कुणाचा मिक्सर बंद पडो की मुलगी रुसो, लोक आपांकडेच येतात. त्या म्हणतात की तक्रार ऐकतानाच त्यांना कळायचं, बिघाड वायरीत आहे की माणसात.

आपांनी गुडघ्यांना शिव्या देत जिना चढला. काळ्या डब्याभोवती एक फेरी मारली, झेंडूचा हार अलगद बाजूला केला आणि पर्समधून पेचकस काढला. आपांच्या पर्समध्ये आरसा नसतो, पेचकस असतो.

झाकण निघालं आणि मी दोन पावलं मागे सरले. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. जुनं, वाळलेलं. डिस्क बसवायची जागा रिकामी.

"बेटी, हा आज नाही मेला," आपा म्हणाल्या. "ह्याला जाऊन दोन वर्षं तरी झाली असतील."

"मग परवापर्यंत चालत काय होतं?"

आपांनी डबा पुढे ओढला. मागे फळीवर धूळ होती, आणि त्या धुळीत जेवणाच्या डब्याएवढा एक स्वच्छ चौकोन. शेजारी दोन वायरी मोकळ्या लोंबत होत्या.

"जे चालत होतं ते इथं होतं," आपा म्हणाल्या. "आणि ते कुणीतरी उचलून नेलंय."

आठ वर्षं मी त्या खोलीत बसत होते, आणि चोरीला काय गेलं हे मला धुळीकडे बघून समजलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

३

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चौघांकडे: देवरेसाहेब, सिंधुबाई, गोरक्ष आणि मी. आपांनी खुर्ची दारापाशी ओढली आणि एकेकाला समोर बसवलं.

सिंधुबाई पदराला हात पुसत आल्या. "मी वायरींना शिवत नाय, गोरखदादानं सांगितलं हाय. मागं डबा व्हता का? व्हता की! टिफिनएवढा. हिरवा दिवा लुकलुकायचा त्याचा. मला वाटलं, मोठ्याचं पिल्लू हाय."

"मग पूजेला हार त्याला का नाही घातला?" आपांनी विचारलं.

"हार मोठ्याला घालत्यात ना?"

आपा हसल्या आणि मान डोलावत राहिल्या.

"शनिवारी इथं कुणाला पाहिलंत?"

"तो आवेज आला व्हता. दाराखालून रंगीत कागद सरकावून गेला."

तो कागद म्हणजे आवेजच्या कंपनीचं माहितीपत्रक. उकाडा इतका होता की मी सकाळपासून त्यानंच वारा घेत होते.

देवरेसाहेब चिडूनच बसले. "आपा, मला तो डबा नको होता, हे मी चारचौघांत बोललोय. पण मी कशाला चोरू? नव्या जागी न्यायला जुनं सामान तर लागतंच ना! आणि गुरुवारी त्या पोरांपुढे काय तोंड घेऊन जायचं?" हा माणूस स्वतःच्या गाडीनं औषधांची खोकी घाटातून नेतो, हे मी रागाच्या भरात विसरले होते.

आवेज दुपारी धावतच आला. पंचवीस-सव्वीसचा, इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. "आपा, कसम से, मी आत आलोच नाही. दाराखालून कागद टाकला न् गेलो. मेरे पास चाबी कहाँ?"

"तुझ्या कंपनीला ह्या डब्याचा काय उपयोग?"

"काहीच नाही. उलट हे बंद पडलं तर नोंद जाणार, मग मी विकू काय?"

तिघांचंही पटण्यासारखं होतं. मला रडू यायला लागलं. आपा म्हणाल्या, "रड नंतर. आधी गुरुवारची तयारी बघ. औषधं तरी मोजून घे."

मी शिबिराची पत्र्याची पेटी उघडली. गोळ्यांच्या खोक्यांवर कागदांचे सहा गठ्ठे होते, रबर लावून नीट रचलेले. दोनशे चौदा चिठ्ठ्या. प्रत्येक रुग्णाचं नाव, वजन, मागची रक्ततपासणी, चालू गोळी. गुरुवारला लागणारं सगळं.

त्या मी ठेवल्या नव्हत्या.

४

"वाह!" आपा म्हणाल्या. "चोरानं जाताना तुझं काम करून ठेवलं."

एक चिठ्ठी त्यांनी खिडकीजवळ नेली. खाली बारीक अक्षरात छापल्याची वेळ होती: शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. आणि त्याच्या वर एक ओळ: द्राक्षाचं गाव, पुढे शिमग्याला परत, होय की नाही.

"ही ओळ कसली?"

मी सांगितलं. चार वर्षांपूर्वी नवसाबाईचा थोरला मुलगा, आमचा रुग्ण, निफाडकडच्या मळ्यात दगावला. गोळ्या संपल्या होत्या, झटका आला, आणि ते कुटुंब कुठल्या गावात उतरलंय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी ऑफिसात येऊन डोकं धरून बसले होते. गोरक्षनं काय झालं ते विचारलं. पुढच्या रविवारी सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ आली. तेव्हापासून जाणाऱ्याला आम्ही गाव विचारतो आणि तिथल्या जवळच्या दवाखान्यात गोळ्या पोचवतो.

"असं," म्हणत आपांनी हात पुढे केला. "आता तो पंखा इकडे दे."

मी माहितीपत्रक दिलं. वर मोबाईलचं रंगीत चित्र, त्यात हसरं कुटुंब, आणि कुटुंबाखाली सुबक चौकटीत लिहिलेलं: हंगामातलं गाव. शिमग्याला परत, होय, नाही.

"बंगळूरच्या कंपनीला शिमगा कसा सुचला गं?"

दसऱ्याच्या आधी आवेजनं हाच पडदा दाखवला, तेव्हा देवरेसाहेब म्हणाले होते, "बघा, पैसे मोजले की अशी सोय मिळते!" कमिटीनं टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांत जोरात मी. दर शिबिरात मी वापरते ती ओळ, कुणीतरी रंगीत कागदात गुंडाळून दाखवली आणि मला ओळखता आली नाही.

"म्हणजे आवेजच्या कंपनीनं आपलं चोरलं! चोर आवेजच!"

"जरा दम धर. त्या दिवशी पडद्याची वायर कोण धरून उभं होतं?"

"गोरक्ष. मागे, भिंतीपाशी."

"आणि ह्या चिठ्ठ्यांचे सहा गठ्ठे कशावरून केलेत?"

मी नावं वाचली. पहिल्या गठ्ठ्यात एका रस्त्यावरचे पाडे, दुसऱ्यात दुसऱ्या. ज्या जीपमधून जे येतात तसे. "जीपवार आहेत. पण ती यादी मला काढता येत नाही. दर महिन्याला फोन करून..."

तो फोन मी गोरक्षलाच करायचे.

"आज सकाळी तो अर्धा तास ह्या रिकाम्या डब्याशी खेळत बसला होता," आपा हळूच म्हणाल्या. "हा मेलाय हे साऱ्या नाशकात एकट्या त्यालाच माहीत होतं. चल, रिक्षा बोलव."

५

गोरक्षची खोली पंचवटीत आहे. दुकानाला मंगळवारची सुट्टी असते, पण त्या सोमवारी तो दुकानात गेलाच नव्हता. दार त्यानंच उघडलं. आमच्याकडे बघून तो बाजूला झाला.

फळीवर, देवांच्या तसबिरीशेजारी तो डबा होता. हिरवा दिवा लुकलुकत होता. खाली स्वच्छ नॅपकिन अंथरला होता.

"उद्या आणून ठेवणार होतो, ताई," तो मला म्हणाला. "चिठ्ठ्या सापडल्या ना?"

"सापडल्या."

आपा खाटेवर बसल्या. "ते शिमग्याचं त्यांनी तुझ्याकडून चोरलं का रे?"

"नाही आपा. मीच नेटवर उघडं ठेवलं होतं. हे मूळ सॉफ्टवेअर मी कुठं लिहिलंय? जगभरच्या शेकडो लोकांनी लिहिलं आणि कुणीही वापरा म्हणून सोडून दिलं. ते मला मिळालं म्हणून आपलं मंडळ चाललं. मी त्यात सुरगाण्यापुरते बदल केले, तेही तसेच सोडून दिले. कुणी घ्या, बदला, विकासुद्धा. परवान्यात तसंच लिहिलंय."

"मग त्यांचं चुकलं कुठं?"

"अटी दोनच आहेत. लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत, आणि आपण केलेला बदल वापरणाऱ्यांना खुला करायचा. त्यांनी दोन्ही केलं नाही. मी शोधलं. मन्हं नाव कोठेच नही, आपा. माझं जाऊ दे, त्या शेकडो लोकांचंही नाही." तो जरा थांबला. "पण त्याचाही राग नव्हता आला. टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हा मला वाटलं कुणीतरी मागं वळून बघेल. ताई तरी बघतील. कुणी वळलं नाही, म्हणून डबाच उचलला."

आठ वर्षांत सर्व्हर बंद पडला की, नाहीतर यादी हवी असली की मी त्याला फोन केला होता. एरवी एकदाही केला नव्हता. खंडेनवमीला आम्ही हारसुद्धा घातला तो रिकाम्या डब्याला, आणि तो शेजारी उभा राहून प्रसाद खात होता.

"चुकलं रे माझं," मी म्हणाले. "फार चुकलं."

"माझंही, ताई. रोग्यांचं सामान हाय ते. मी उचलायला नको होतं."

आपांनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "झालं दोघांचं? मग डबा उचला. आणि गोरक्ष, तो परवाना छापून दे मला. मोठ्या अक्षरात."

६

बुधवारी कमिटी बसली. गोरक्षनं उभं राहून स्वतःच सगळं सांगितलं. मग आपांनी चष्मा लावून परवान्यातल्या दोन अटी आवेजला वाचून दाखवल्या. दुसरी अट संपेपर्यंत पोराचे कान लाल झाले.

"आपा, आम्हाला तर सांगितलं होतं की सगळं कंपनीनंच बनवलंय," तो म्हणाला. आणि त्यानं जे केलं त्याबद्दल मी त्याची कायम ऋणी राहीन. तिथूनच त्यानं वरिष्ठांना फोन लावला, आणि समोरून आवाज चढला तरी तो हटला नाही. महिन्याभरात कंपनीनं नावं परत लावली, गोरक्षचंही, आणि आपले बदल खुले केले. त्यात एक सोय अशी होती की नेटवर्क नसलं तरी मोबाईलवर नोंद करता येते. सुरगाण्याच्या पाड्यांवर आम्हाला तीच हवी होती, आणि आता ती आमच्या डब्यातही आहे.

त्या बैठकीत देवरेसाहेब मात्र हटून बसले. "माझा मुद्दा अजून तोच आहे. एका माणसाच्या रविवारांवर दोनशे जीव टांगून ठेवायचे नाहीत."

"बरोबर आहे, साहेब," गोरक्ष म्हणाला. "मी थकलोय."

हे आठ वर्षांत त्यानं पहिल्यांदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणी ऐकायला बसलं होतं. ठरलं ते असं. डबा ऑफिसातच राहील. रोजची एक प्रत आवेजच्या कंपनीकडे भाड्यानं ठेवायची, म्हणजे इथं काही झालं तरी नोंद वाचेल. देवरेसाहेबांची मुलगी सायली कॉम्प्युटर शिकतेय, ती गोरक्षच्या हाताखाली सगळं शिकेल. आणि एक रविवार तिचा, एक त्याचा. जो डब्याच्या नावानं ओरडत होता, त्यानंच स्वतःची मुलगी देऊ केली. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

गुरुवारी पहाटे निघालो तेव्हा गाडीत गोरक्ष होता. आठ वर्षांत त्यानं एकही रुग्ण पाहिला नव्हता. सगळी नावं त्याला पाठ, तोंड एकाचंही ठाऊक नाही. मी त्याला माझ्याच टेबलावर, चिठ्ठ्यांपाशी बसवलं.

तिसऱ्या जीपमधून नवसाबाई उतरली. बरोबर धाकटी मुलगी, सात वर्षांची, दोन वेण्या घातलेली. गोरक्षनं चिठ्ठी घेतली.

"द्राक्षाला कोणत्या गावाला जाणार, मावशी?"

नवसाबाईनं गाव सांगितलं.

"शिमग्याला परत?"

ती माझ्याकडे वळली. "बाई, आज ह्यो का इचारतो? दर बारीला तुमी इचारता."

"मी नुसतं वाचून विचारत होते, नवसाबाई," मी म्हणाले. "तुमचा थोरला गेला, त्यानंतर हे विचारायचं ह्यानं ठरवलं. ह्यानंच ते लिहून ठेवलं."

नवसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मागे रांग थांबली होती, जीपवाला हॉर्न देत होता. तिनं मुलीचा हात धरून तिला टेबलाच्या अगदी जवळ उभं केलं, त्याला नीट दिसेल असं.

"ही बघ," ती म्हणाली. "गेल्या साली मळ्यात तापली व्हती. गोळी आली तितं, म्हून हाय."

चिठ्ठीवर गोरक्ष नुसता पेन धरून बसला होता.

"लिव्ह ना रं," नवसाबाई म्हणाली. "शिमग्याला परत येनार. दोघी येनार."

त्यानं होयपुढे खूण केली.